छत्तीस खड्यांचा दिवस

झरा खरोखरच मागे पडत असेल, तर घड्याळजीच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेतलेलं बरं. बारा वर्षं सासऱ्याच्या घरात घरजावई म्हणून राहिलेल्या या माणसाला जेवताना तीन पायांचं स्टूल सुटून हातांची खुर्ची मिळणार होती. त्या खुर्चीतून त्याचा मेहुणा उठणार होता, आणि खरं सांगायचं तर खुर्चीपेक्षा मेहुण्याचं उठणंच त्याला जास्त गोड लागत होतं. शिवाय झऱ्यावरची घंटा उतरून तिथे मोठं घड्याळ लागलं असतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं असतं. पाहिलं असतं घड्याळाकडे, पण एवढा बारीक फरक घड्याळजी करत नव्हता.

यापायी आपल्याला काय द्यावं लागेल, तो रकाना त्याने कोराच ठेवला होता.

खुर्ची सासऱ्याची. सासरा झऱ्याचा राखणदार होता आणि जाताना सांगून गेला होता, की गावाची वेळ जो सांगेल त्याने या खुर्चीत बसायचं. त्याच्यामागे घंटा मुलाकडे आली, म्हणून खुर्चीही मुलाकडे आली. मुलगा म्हणजे घड्याळजीचा मेहुणा, बायकोहून सहा वर्षांनी धाकटा. तो घड्याळजीला तोंडभर 'दाजी' म्हणायचा आणि खुर्चीत बसून पाय असे लांब करायचा, की स्टुलावरच्या माणसाला आपले पाय कुठे ठेवायचे ते सुचत नसे.

आता झऱ्याविषयी. गावाबाहेर कडा आहे, कड्याच्या पायथ्याशी नेच्यांच्या झुडपात एक दगडी कुंड आहे. चारचौघा झऱ्यांसारखा हा झरा अखंड वाहत नाही. कड्याच्या पोटात कुठेतरी पोकळी आहे. ती भरली की पाणी उसळून बाहेर येतं, कुंड भरतं, काठावरच्या खाचेतून ओसंडतं, आणि थोड्या वेळाने आवंढा गिळल्यासारखा आवाज करून सगळं परत आत ओढलं जातं. मग तळाशी ओलं शेवाळ आणि दोन-चार गोंधळलेले बेडूक. पुन्हा पाणी यायला चाळीस मिनिटं. गाव या एका येण्याला 'उमाळा' म्हणतं. दिवसाचे उमाळे छत्तीस.

पाणी खाचेला लागलं की राखणदाराने घंटा द्यायची आणि एक खडा या मडक्यातून त्या मडक्यात टाकायचा. सकाळी सहाची पहिली घंटा, रात्री आठची बाविसावी. रात्रीच्या चौदा उमाळ्यांसाठी सासऱ्याने एक लाकडी पन्हळ बसवली होती. पाणी चढलं की तरंगता ठोकळा खटका उचलायचा आणि पन्हळीतला एक खडा आपोआप मडक्यात पडायचा. छत्तीस खडे झाले की दिवस झाला. गावाचा सगळा कारभार त्यावर चालायचा. पाव भाजायला एक उमाळा, दाढीला अर्धा, भांडणाला दोन. तिसऱ्या उमाळ्यात गेलेलं भांडण झरा समितीपुढे न्यायचं असा रिवाज होता.

अशा गावात घड्याळाचं दुकान काढणाऱ्या माणसाला काय म्हणावं? घड्याळजी लग्न करून आला तेव्हा अकरा घड्याळं घेऊन आला, आणि घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, ती अजून अकराच होती. बारा वर्षांत तीन दुरुस्त्या. त्यातलं एक भट्टीवाल्याचं. त्याने ते पिठाच्या डब्यावर वजन म्हणून ठेवलं होतं. दुरुस्त होऊन टिकटिकायला लागलं तेव्हा झोपमोड होते म्हणून परत आणून बंद करून नेलं. पोट चालायचं ते बायकोच्या कामावर. झऱ्याजवळच्या विश्रामगृहाच्या चादरी ती धुवायची, रोजच्या चौदा.

तर त्या कोरड्या उन्हाळ्यात, एका दुपारी, घड्याळजीच्या अकरा घड्याळांनी बारा चाळीस दाखवले आणि घंटा झाली नाही. एक मिनिटाने झाली. पुढची दोन मिनिटं उशिरा, त्याच्या पुढची तीन. रात्रीची आठची घंटा आठ वाजून बारा मिनिटांनी झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची बारा छत्तीसला. घड्याळजी मनात समजला. मागच्या वर्षी डोंगरावर पाऊस बेताचा, त्यामुळे कड्याच्या पोटातली पोकळी भरायला आता एक मिनिट जास्त लागतंय. उमाळ्याला एक मिनिट, दिवसाला छत्तीस. खिडकीच्या चौकटीवर बाराची सावली जिथे पडते तिथे त्याने खिळ्याने एक रेघ ओढून ठेवली होती. ती रेघही घड्याळांच्या बाजूने बोलत होती. तीन दिवस त्याने कुणाला सांगितलं नाही. जेवताना स्टुलावर बसून खुर्चीच्या हातांकडे पाहायचा फक्त.

चौथ्या दिवशी त्याने समिती बोलवायला लावली.

समितीच्या अध्यक्ष सुईणबाई. समितीतल्या सातांपैकी पाच जणांना त्यांनीच जगात आणलं होतं, त्यामुळे त्यांच्यापुढे आवाज चढवायची कुणाची प्राज्ञा नव्हती. घड्याळजीने सगळ्यात चांगलं घड्याळ मेजावर ठेवलं आणि आपलं म्हणणं मांडलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"दिवसाचे खडे किती?" त्यांनी विचारलं.

"छत्तीस."

"काल किती झाले?"

मेहुण्याने मडकं पुढे सरकवलं. बाईंनी स्वतःच्या हाताने मोजले. छत्तीस भरले.

"मग मागे काय पडलं?"

घड्याळजी म्हणाला की खडे तेवढेच आहेत, पण एकेका खड्याला वेळ जास्त लागतोय. बाईंनी विचारलं, हे कशावर मोजलंस. त्याने मेजाकडे बोट केलं.

"म्हणजे ज्याच्यावर आळ, त्यालाच साक्षीला आणलंस."

तेव्हा त्याने खिडकीवरच्या रेघेचा विषय काढला, सूर्याचा हवाला दिला. त्यावर भट्टीवाला म्हणाला की सूर्याचं काय घेऊन बसलात, तो थंडीत उशिरा उठतो, उन्हाळ्यात लवकर, त्याला कुणी कधी वेळेवर पाहिलंय. झरा मात्र बापजाद्यांपासून छत्तीस म्हणजे छत्तीस. याला सगळ्यांनी मान डोलावली. घड्याळजीपाशी उत्तर होतं, पण ते सांगायला पाऊण उमाळा लागला असता आणि पाणी चढत आलं होतं. समितीने ठराव केला: गावातली घड्याळं पुढे धावू लागली आहेत. अकरा घड्याळं एकाच दिवशी बिघडली त्याअर्थी हा प्रकार एकापासून दुसऱ्याला लागणारा असावा. ज्यांच्या घरी घड्याळ असेल त्यांनी ते ताबडतोब दुरुस्तीला टाकावं.

"दाजी," घरी जाताना मेहुणा म्हणाला, "नशीब उघडलं की तुमचं."

आणि खरोखर उघडलं. लोकांनी लग्नात आलेली, माळ्यावर टाकलेली, खोक्यातसुद्धा न उघडलेली घड्याळं शोधून काढली. किल्ली देऊन पाहिली, तर सगळीच्या सगळी झऱ्याच्या पुढे धावत होती. साथ केवढी पसरली आहे, ते लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. तीन दिवसांत दुकानात सत्तावीस घड्याळं आली. भट्टीवाला पिठाने माखलेलं आपलं घड्याळ फडक्यात गुंडाळून घेऊन आला आणि इतर घड्याळांपासून हातभर लांब ठेवायला सांगून गेला.

घड्याळजी दोन दिवस हात लावायला तयार नव्हता. चांगली घड्याळं बिघडवायची कशी, असं तो म्हणत होता. बायको चादरींच्या घड्या घालता घालता म्हणाली, बारा वर्षांनी गिऱ्हाईक आलंय, आता तरी त्यांच्याशी वाद घालू नका. तो स्टुलावर बसला आणि एकेक घड्याळ उघडायला लागला. लंबकाखालची चकती थोडी खाली उतरवली की लंबक सावकाश हलतो. असं त्याने सगळ्यांना सावकाश केलं. लोकांनी घड्याळं घंटेशी ताडून पाहिली, अगदी बरोबर लागली. त्यांनी दाद दिली, की बुवा, हात चांगला आहे. असं गावात त्याला पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं, आणि ते त्याच्या सगळ्यात वाईट कामाबद्दल होतं.

फक्त वडिलांचं खिशातलं घड्याळ त्याने तसंच खरं ठेवलं. आणि गुपचूप एक पत्र लिहिलं, मोजमाप खात्याला. झरा मागे पडतो आहे, तपासणी व्हावी, खातरी झाल्यास झऱ्यावर सरकारी घड्याळ बसवावं, ते सांभाळायला माणूस हजर आहे. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. एकवीस तारखेला, दुपारी बारा वाजता, साहेब येतील.

मधल्या काळात दिवस घसरत गेला. दिवसाला छत्तीस मिनिटं म्हणजे दिसायला काही नाही, पण दहा दिवसांनी पहिली घंटा झाली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. गाव म्हणालं, सूर्य आगाऊ झालाय. वीस दिवसांनी लोक मावळतीला उठले, शाळा कंदिलावर भरली, भट्टीवाल्याने पहिले पाव अंधारात विकले आणि माणसं दिवसभर, म्हणजे रात्रभर, कामं करून उजाडता उजाडता झोपली. कुणाची फारशी तक्रार नव्हती. उलट उन्हाचा त्रास वाचला असं कित्येकांचं मत पडलं. सूर्याला समज द्यावी असा एक ठराव समितीत आला होता, पण तो कुणाच्या पत्त्यावर पाठवायचा ते न ठरल्याने बारगळला.

विश्रामगृहात उतरणारे पाहुणे बाहेरगावचे. ते आपले सूर्याबरोबर उठत, सूर्याबरोबर झोपत आणि त्याच हिशेबाने चादरी मळवत. गावातली माणसं दिवसा घोरतात हे त्यांनी इथल्या हवेचा गुण म्हणून लिहून घेतलं. तिथला व्यवस्थापक मात्र गावचा. तो धुलाईच्या पैशांची वही घंटेप्रमाणे ठेवायचा. घड्याळजीच्या बायकोची यात दोन्हीकडून ओढाताण होत होती. पाणी आणि घर घंटेच्या तालावर, आणि चादरी वाळवायला तर सूर्यच लागतो. गाव झोपलं की ती उठून परसात चादरी टाकायची, वाळल्या की काढायची, घड्या घालून पोचवायची, आणि पुन्हा घंटेला उठून चूल पेटवायची. परसातल्या आखूड दोरीवर ती रोज एक रिकामा चिमटा लावून ठेवायची. तो कशासाठी, हे तिला कुणी विचारलं नाही. घड्याळजीनेही नाही, तो एकवीस तारखेची वाट पाहण्यात गढला होता.

एवढी वाट पाहूनही त्याने एक गुणाकार केला नव्हता. दिवसाला छत्तीस मिनिटं, असे चाळीस दिवस, म्हणजे बरोबर चोवीस तास. घड्याळजीला हे सुचू नये हे नवल, पण सत्तावीस घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला आकडेमोडीला उसंत नव्हती. साहेबांच्या दिवशी सकाळी त्याने खिशातलं घड्याळ काढलं. सहाला नऊ मिनिटं कमी होती आणि पहिली घंटा झाली. खिडकीबाहेर सूर्य वर येत होता. घसरत घसरत गाव एक वळसा पूर्ण करून जागच्या जागी येऊन बसलं होतं. दहावी घंटा आज बरोबर बाराला, साहेबांच्या डोळ्यांदेखत होणार होती.

साहेब सायकलवरून आले. किरकोळ माणूस, पाठीला पिशवी, पिशवीत शिक्का. बाराला दोन मिनिटं कमी असताना ते कुंडाशी घड्याळ धरून उभे राहिले. बाराच्या ठोक्याला पाणी खाचेला लागलं आणि मेहुण्याने घंटा अशी वाजवली, की साहेबांच्या सायकलीची घंटीही थरथरली. साहेब म्हणाले, अचूक. मग त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि तारीख घालायला गेले, तेव्हा मेहुणा नम्रपणे म्हणाला, "साहेब, आपण एक दिवस आधीच आलात. आज वीस."

साहेबांनी पत्र काढलं. पत्रात एकवीस होती. त्यांच्या हिशेबाने आजच एकवीस होती. त्यांनी तिथे जमलेल्या आठ माणसांना विचारलं. सात जण म्हणाले वीस. आठवा घड्याळजी.

घड्याळजीला एकदम वाट दिसली. तो म्हणाला, यांचा एक दिवस हरवलाय साहेब, हाच पुरावा. साहेब म्हणाले की तारीख आमच्या खात्यात येत नाही, आमच्याकडे फक्त वेळ. पण गावाची एकवीस उद्या असेल तर पत्राप्रमाणे तपासणी उद्याच धरावी लागेल, कागद जुळायला हवेत. आणि उद्या, घड्याळजीने मनात हिशेब केला, बारा वाजून छत्तीस मिनिटं झालेली असतील आणि मग ही घंटा होईल. गावाच्या चुकीनेच त्याला आणखी एक संधी दिली होती. त्याने साहेबांची पिशवी स्वतः उचलून विश्रामगृहात नेली. बायकोला सांगून त्यांच्या खोलीत ताजी चादर घालायला लावली. रात्री जेवताना तो मेहुण्याच्या पायांना न घाबरता स्टुलावर ऐसपैस बसला.

मधल्या वेळेत मात्र ढग आले होते. तिसऱ्या प्रहरी डोंगरावर असा पाऊस कोसळला, की कड्यावरून पाण्याच्या दोऱ्या लोंबू लागल्या. गावात शिंतोडाही नाही. कड्याच्या पोटातली पोकळी, महिना-दीड महिना उपाशी असलेली, पोटभर प्यायली. दुपारनंतरचे तीन उमाळे एकेचाळीस मिनिटांचे झाले, चौथा चाळीसचा, आणि मग सगळेच चाळीसचे.

दुसऱ्या दिवशी साहेब कुंडाशी उभे राहिले. बारा वाजले. बारा एक, बारा दोन. घड्याळजी कपाळावरचा घाम पुसत होता आणि हसत होता. बारा तीनला घंटा झाली.

"तीन मिनिटं," घड्याळजी म्हणाला.

साहेबांनी घड्याळ कानाशी नेलं. "एवढं तर माझंच पुढे-मागे होतं. काल अचूक होतं, आज तीन मिनिटं पुढे. तुमच्याकडे ती साथ आहे ना काहीतरी?" सात माणसांनी हो म्हटलं. साहेबांनी हातातलं घड्याळ सोडून घड्याळजीपुढे धरलं. "जरा लावून द्या."

कुंडाच्या काठावर बसून, सगळ्या गावादेखत, घड्याळजीने चांगलं चालणारं घड्याळ तीन मिनिटं मागे केलं. साहेबांनी शिक्का मारला: झरा वेळेत आहे. तारीख एकवीस. कागद झऱ्याच्या कमानीला चिकटवला गेला.

इथे प्रकरण मिटायचं, पण साहेबांची एक अडचण उरली. त्यांच्या खात्यात आज बावीस होती. कालचा एक दिवस त्यांच्या अंगावर जादा आला होता, आणि तो हजेरीत कुठे दाखवायचा? ते सुईणबाईंकडे गेले. बाईंनी समिती बसवली. समितीत असं निघालं, की जादा दिवस आपल्याकडे आहे असं गावात आधीपासून एकच माणूस म्हणतोय. तेव्हा साहेबांचा दिवसही त्याच्याच नावावर टाकावा. साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि सायकलवर टांग मारली.

राहिला प्रश्न, की गावात एक सुटा दिवस पडून आहे त्याचं करायचं काय. ठेवून देणं बाईंना पसंत नव्हतं; आज एकाकडे आहे, उद्या दुसरा मागेल. त्यांनी घड्याळजीला समोर बसवलं.

"तू पुढे आहेस ना एक दिवस?"

"आहे."

"मग उद्या तू थांब. आम्ही चालत येतो तुझ्यापर्यंत."

म्हणजे असं, की उद्याचा एक दिवस घड्याळजी नाही असं धरायचं. त्याने कुणाला हाक मारायची नाही, त्याला कुणी मारायची नाही. गावाचे छत्तीस खडे पडतील, त्याचा एकही पडणार नाही. परवापासून सगळे बरोबरीत. घड्याळजीने मान हलवली. भांडायचं त्राण नव्हतं, आणि पुरावा तर पावसाने धुऊन नेला होता.

तो दिवस उजाडला. घड्याळजीने दुकान उघडलं, कुणी आत डोकावलं नाही. तो भट्टीवर गेला. भट्टीवाल्याने त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहत मागच्या बाईला पाव दिला. झऱ्याच्या वाटेवर तिघे भेटले, तिघेही वाट रिकामी असल्यासारखे मधोमध चालत आले, तोच बाजूला झाला. कुंडाच्या काठावर बसून त्याने तीन उमाळे पाहिले. पाणी चढताना आधी नेच्यांची खालची पानं हलतात, मग बेडूक वर येऊन काठाला लागतात, मग खाच चमकते. बारा वर्षांत त्याने प्रत्येक उमाळ्याला खिशातलं घड्याळ काढलं होतं, त्यामुळे यातलं काही पाहिलंच नव्हतं. मेहुणा दहा पावलांवर घंटा देत होता आणि निश्चयाने कड्याकडे पाहत होता.

दहाव्या घंटेला तो घरी आला. बायको ताटं घेत होती. स्टूल होतं, खुर्ची होती. घड्याळजी दोन क्षण उभा राहिला. मग त्याने विचार केला, की आज जो माणूस नाहीच, तो कुठेही बसला तरी कुणाच्या जागेवर बसत नाही. तो खुर्चीत बसला. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले. डावा हात थोडा हलत होता. सासऱ्याने तो तारेने बांधला होता.

मेहुणा पाय पुसत आत आला आणि उंबऱ्यातच थबकला. दाजी, उठा, म्हणावं तर दाजी आहेत असं कबूल करावं लागतं. न म्हणावं तर बसायचं कुठे? स्टुलावर बसणं त्याच्याच्याने होईना. त्याने ताट उचललं आणि खिडकीशी उभा राहून जेवू लागला, रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून. जेवता जेवता त्याने मान वळवली, तर मेजावर आणखी दोन ताटं होती.

"ताई, एक तुझं. दुसरं कुणाचं?"

ताई स्टुलावर बसली होती. तिने नवऱ्याच्या ताटात वाढलं आणि त्याला विचारलं, मीठ बेताचं झालंय का.

"ताई, तू कुणाशी बोलतेस? समितीने सांगितलंय ना?"

तिने उठून मागच्या दारातून परसातली आखूड दोरी सोडून आणली आणि चिमट्यांसकट मेजावर ठेवली. "मोजा," ती नवऱ्याला म्हणाली.

घड्याळजीने मोजले. आपोआप बोट लावून, एकेक. एकेचाळीस झाले. पुन्हा मोजले.

"रोज चादरी वाळल्या की एक लावायचे," ती म्हणाली. "तुम्ही समितीत गेलात त्याच्या पहाटेपासून."

"मग समितीत बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं? आणि विचारलं असतं तर चिमटे जास्त झालेत म्हणाले असते." ती भावाकडे वळली. "माझ्याकडेही एक दिवस जास्तीचा आहे रे. मीही तो आजच खर्च करते. तेव्हा मीही इथे नाही असं धर."

मेहुण्याने हातातला घास परत ताटात ठेवला. बहीण नाही, दाजी नाही, म्हणजे घरात कुणीच नाही. कुणीच नसलेल्या घरात एकट्याने उभं राहायला त्याला बरं वाटेना. तो ताट घेऊन बाहेर पायरीवर गेला. आत ती दोघं तीन उमाळे बोलत बसली. काय बोलली ते नोंदवता येत नाही, तो दिवस कुणाच्याच मोजणीत नाही. एवढं खरं, की मध्ये एकदा तिने त्याला उठवलं, स्वतः खुर्चीत बसून पाहिलं, आणि डावा हात हलतो म्हणाली. त्याने पेचकस आणून तो घट्ट केला.

दुसऱ्या दिवशी सगळं बरोबरीत आलं. मेहुणा खुर्चीत बसला, हात हलत नाही हे त्याच्या लक्षात आलं, पण विचारायची सोय नव्हती.

आता कुणी काय दिलं ते मांडू. झऱ्याने काही दिलं नाही, तो आता चाळीस म्हणजे चाळीस चालतो आहे. साहेबांनी तीन मिनिटं दिली आणि त्यांना ती कळली नाहीत. मेहुण्याने एक जेवण उभ्याने आणि पायरीवर दिलं. घड्याळजीने सत्तावीस चांगली घड्याळं आणि एका खुर्चीची आशा दिली. खुर्ची त्याला एका दुपारपुरती मिळाली, घड्याळांच्या चकत्या पुन्हा एकेक आटा वर चढवायचं काम अजून चालू आहे, आणि ते तो फुकट करतो, कारण बिघाड त्याचाच. गावाने एक आख्खा दिवस दिला, पण मडक्यात खडे पुरे असल्याने त्यांना तो गेल्याचं माहीत नाही. विश्रामगृहाच्या व्यवस्थापकाने वही उघडली, घंटेप्रमाणे चाळीस दिवस मोजले, दिवसाच्या चौदा चादरी धरल्या आणि खाली रेघ मारली. एकेचाळिसाव्या दिवसाच्या चौदा चादरी घड्याळजीच्या बायकोने दिल्या.